नाडी आढळली नाही

मुकुंद नेर्लेकरांच्या संगीतात नाडी आढळली नाही, असं वैद्याचं पत्र आलं तेव्हा हर्षदा मिठारी स्टुडिओच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. सकाळचे दहा वाजले होते. पत्र तिच्याच फोनवर आलं, कारण नेर्लेकरांचा, म्हणजे दादांचा, सगळा पत्रव्यवहार गेली सव्वीस वर्षं तीच बघत होती. तिने ते दोनदा वाचलं, हातातल्या शेंगा परत पातेल्यात टाकल्या, आणि चूक कुणाची हे तिला तिथल्या तिथे कळलं. चूक वैद्याची नव्हती.

वैद्य हे एका यंत्राचं टोपणनाव. खरं नाव लांबलचक आहे आणि ते फक्त सरकारी कागदावर सापडतं. सिनेमावाल्यांनी त्याला वैद्य म्हटलं, कारण ते नाडी बघतं. त्याची गरज का पडली, तेही सांगून टाकलं पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वी सिनेमाचं पार्श्वसंगीत यंत्राकडून करून घेणं इतकं सोपं झालं, की निर्मात्याने दुपारी सिनेमा पाठवावा आणि संध्याकाळी चहाच्या वेळेला सनई, व्हायोलिन, ढोल सगळं बसवून परत घ्यावा. पोस्टरवर संगीतकाराचं नाव असायचंच, कारण नाव छापायची सवय कुणी मोडत नाही. मग एका वर्षी 'चित्रनाद सन्मान' सोहळ्यात मूळ पार्श्वसंगीताचं पारितोषिक घ्यायला आलेल्या गृहस्थाला निवेदिकेने सहज म्हटलं, तुमची ती मुख्य धून जरा गुणगुणून दाखवा. गृहस्थांना ती आठवेना. सगळ्या देशाने ते पाहिलं. पुढच्या वर्षापासून चित्रनादच्या मंडळाने नियम केला, की मूळ पार्श्वसंगीताच्या स्पर्धेत येणारं प्रत्येक संगीत आधी वैद्याकडून तपासून घ्यायचं. त्यात माणसाची नाडी सापडली तरच पुढचा विचार.

नियम आला की पळवाट येतेच. मुंबई-हैदराबादकडे लवकरच 'नाडीवाले' नावाचा नवा धंदा निघाला. यंत्राने केलेल्या संगीतावर हे लोक बसून खुळखुळा नाहीतर डफ वाजवायचे, म्हणजे वैद्याला हात लावायला एक तरी मनगट मिळावं. चांगले शिकलेले तबलजी खुळखुळे वाजवून घर चालवायला लागले. यंदाच्या पाच नामांकनांतल्या तीन सिनेमांमध्ये असे नाडीवाले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते तिन्ही पास झाले.

आणि नापास झाला तो 'चौथा बंधारा'. आख्ख्या देशात बहुधा हा एकच सिनेमा असेल ज्याचं संगीत अजून जुन्या पद्धतीने झालं होतं. कोल्हापुरात, मोरेवाडीच्या रस्त्यावरच्या या स्टुडिओत, एकाच हॉलमध्ये, लाकडी आडोशांमागे त्रेचाळीस वादक एका वेळी बसले होते. त्यांच्या कानात ठेक्याची टिकटिक नव्हती. समोर पियानोवर मुकुंददादा, आणि सगळ्यांनी दादांच्या हाताकडे बघून वाजवायचं. बाकीचे संगीतकार एकेका वादकाला वेगळं बोलावून टिकटिकीवर वाजवून घेतात. दादांना ते म्हणजे एकेकट्याने जेवल्यासारखं वाटायचं. वय एकाहत्तर, एकेचाळीस सिनेमे, आणि आयुष्यातलं हे पहिलं राष्ट्रीय नामांकन.

दादा अकराच्या सुमारास आले. पत्र वाचून ते खोकला येईपर्यंत हसले. यंत्राला म्हणावं आधी स्वतःची नाडी बघ, असं म्हणाले. मग त्यांनी स्वतःच दोन वार्ताहरांना फोन लावला, आणि हर्षदा चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात फोनच्या कॅमेऱ्यासमोर सांगूनही टाकलं, की लय हा त्यांच्या घराण्याचा दागिना आहे, या संगीतातला एकही सूर जागचा हलवलेला नाही, आणि हलवलेला सापडला तर ते पियानो पंचगंगेत सोडून देतील. संध्याकाळपर्यंत हे चार ठिकाणी छापून आलं.

हर्षदाने ते वाचलं आणि तिला फार थकल्यासारखं वाटलं. वयाची त्रेपन्न वर्षं एकदम अंगावर आल्यासारखं.

गोष्ट अशी होती की दादांचा हात उशिरा पडायचा. थोडा, अगदी थोडा. सव्वीस वर्षांपूर्वी ती नवीन रेकॉर्डिस्ट म्हणून आली, तेव्हाच्या पहिल्याच सिनेमात दिग्दर्शकाने कुरकुर केली होती, की चित्र बदलतं आणि संगीत मागून येतं, काहीतरी बसत नाही. दादा जेवायला घरी गेले होते. हर्षदाने त्यांचे सूर संगणकावर थोडेथोडे पुढे सरकवले, ठेक्याच्या रेषेवर आणून ठेवले. मग वादकांचेही सरकवले, कारण तेही दादांच्या मागून येत होते. दिग्दर्शक म्हणाला, आता बसलं. दादा परत आले, त्यांनी ऐकलं आणि तेही म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो? त्या वेळी सांगायला हवं होतं. पण नवीन नोकरी, समोर एवढा मोठा माणूस, आणि माणूस खूश. तिने सांगितलं नाही.

मग ती सवय झाली. धंद्यात याला लाईनवर आणणं म्हणतात आणि सगळेच थोडंफार करतात. हर्षदा मात्र सगळंच आणायची, सूर न् सूर, हाताने, दिवसच्या दिवस बसून. समीक्षक दादांच्या काटेकोर लयीबद्दल लिहायचे. दादा ती कात्रणं चिकटवून ठेवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला सांगायची, आणि त्यात दादांविषयीचं खरंखुरं प्रेम होतं, हेही सांगितलं पाहिजे. बापानंतर तिने कुणाला इतकं मानलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मंडळाच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत फोन लावला. डॉ. इरावती सोमण, वैद्य बनवणाऱ्या गटातल्या एक, स्वतः पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या, बोलायला साध्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला यंत्र कसं चालतं हे माहीत आहे का? हर्षदा नाही म्हणाली. मग त्यांनी समजावलं.

माणूस ठेका धरतो तेव्हा कुठलाही ठोका रेषेवर पडत नाही. दोन-पाच सहस्रांश सेकंद अलीकडे, दहा पलीकडे, असा तो भटकतो. पण हे भटकणं फाशांसारखं नसतं. प्रत्येक चुकीला आधीच्या चुकांची आठवण असते. आता उशीर झाला तर पुढचे वीस-तीस ठोके त्याची भरपाई करत राहतात. शिवाय हृदय आहे. प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताची लाट डोक्यापर्यंत जाते आणि त्या क्षणापुरतं माणसाचं लक्ष किंचित मंदावतं, म्हणून हात नकळत त्या लाटेच्या आगेमागे पडतो. वाद्यावर कितीही प्रभुत्व असो, यातून सुटका नाही. रेकॉर्डिंगमधल्या या भटकण्यावरून वाजवणाऱ्याची नाडी मागे जाऊन शोधता येते, हा सोमणबाईंच्या गटाचा शोध. यंत्राला एका माणसाची खोटी नाडी तयार करता येते. पण माणसं एका खोलीत बसून वाजवतात तेव्हा त्यांचे श्वास एकमेकांना ओढतात, त्यामागून नाड्या ओढल्या जातात, आणि चाळीस जणांची ही ओढाताण खोटी करणं अजून कुठल्याही यंत्राला जमलेलं नाही.

"मी बारा वर्षं तबला शिकले," सोमणबाई म्हणाल्या. "लय म्हणजे रेषेवर पडणं असंच मलाही वाटायचं. तुमच्या संगीतात मात्र सगळं इतकं रेषेवर आहे की तिथे कुणी जिवंत माणूस बसला होता हेच कळत नाही. कुणीतरी पुसून काढलंय ते. तुम्ही का?"

हर्षदा हो म्हणाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने हे कुणाला सांगितलं, आणि सांगून हलकं वाटतं म्हणतात तसं काही वाटलं नाही.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय. उपाय होता, तोही सोमणबाईंनी सांगितला. हात न लावलेलं मूळ रेकॉर्डिंग पाठवायचं. ते याच संगीतकाराचं आहे हे ताडून बघायला त्यांचं सगळ्यात जुनं मूळ रेकॉर्डिंगही पाठवायचं. नाडी सापडली तर डाग निघेल. पण सोबत संगीतकाराच्या सहीचं निवेदन लागेल, की सूर कुणी हलवले आणि किती. एक-तृतीयांशापेक्षा जास्त हलवले असतील तर हलवणाऱ्याचं नाव संगीतकाराच्या बरोबरीने लागेल, नाहीतर नामांकन मागे घ्यावं लागेल. आणि निवेदन सगळ्यांना वाचायला खुलं राहील. मुदत पाच दिवस.

हर्षदाने एकही मूळ रेकॉर्डिंग कधी पुसलं नव्हतं. दादांचा सूर पुसवत नाही, म्हणून तिने सगळं कपाटात नीट तारखेने लावून ठेवलं होतं. तिने दोन्ही रेकॉर्डिंगं पाठवून दिली. सहीचं मात्र दादांना कसं विचारायचं, ते तिला कळेना. दोन दिवस ती रोज त्यांच्यासमोर बसली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठून आली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अहवाल आला. त्रेचाळीस वादक आणि एक पियानो, चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस नाड्या स्पष्ट आढळल्या होत्या. सोमणबाईंनी लिहिलं होतं, इतकं दाट गुंतलेलं रेकॉर्डिंग वैद्याने आजवर पाहिलेलं नाही. पियानोचा हात मागे रेंगाळतो आणि त्याच्यासाठी सगळा हॉल श्वास धरून थांबतो, हे आकड्यांतही दिसतं.

खाली दुसरं पान होतं, फक्त हर्षदासाठी. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये पियानोचा हात रेषेच्या सरासरी एकतीस सहस्रांश सेकंद मागे होता. नव्यात अठ्ठावन्न. डावा हात तेव्हा होता तसाच आहे. वाढ आहे ती सगळी उजव्यात, आणि शेवटच्या दोन बोटांत जास्त. सोमणबाईंनी पुढे लिहिलं होतं, की त्या औषधोपचार करणाऱ्या डॉक्टर नाहीत आणि हे मंडळाच्या नोंदीत जाणारही नाही, पण कुणाला तरी दाखवून घ्यावं.

हर्षदाला गेल्या दोन-तीन वर्षांतलं काम आठवलं. सरकवायला पूर्वीपेक्षा जास्त लागतंय हे तिच्या हाताला कळत होतं. दादा थकले असतील म्हणून ती जास्त सरकवत गेली. तिने रेषेवर आणून ठेवलं नसतं, तर कुणाच्या तरी कानाला ते केव्हाच खटकलं असतं. एखाद्या दिग्दर्शकाच्या, एखाद्या वादकाच्या, स्वतः दादांच्या. हा विचार आला आणि मग तो जाईना.

दुपारी बशीर मुल्ला आले. क्लॅरिनेटवाले, दादांबरोबर चाळीस वर्षं वाजवलेले, वादकांचं जे काही गाऱ्हाणं असेल ते घेऊन येणारे. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगू लागले. हैदराबादच्या एका निर्मात्याने कोल्हापूरच्या वादकांचं ठरलेलं रेकॉर्डिंग रद्द केलं होतं, बिननाडीची माणसं नकोत म्हणून. त्यांच्या सुनेला शाळेत कुणीतरी विचारलं होतं, तुमचे सासरे खरंच वाजवतात का. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. त्यांना राग येऊन गेला होता आणि आता फक्त कंटाळा उरला होता.

हर्षदाने त्यांना सूर सरकवल्याचं सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "दादा थांबला की आमी सगळी थांबतोय. त्या जागेला आमच्या अंगावर काटा येतोय. आन् थेटरात जाऊन बगावं तर ती जागाच नसती. कोण खातंय ते काय कळत न्हाई व्हय? पर तुला इचारलं न्हाई कुणी. तुझं बी पोट त्यावर, आमचं बी."

मग ते उठले, टोपी घातली आणि दारातून म्हणाले, "आता सांग त्याला. परक्याकडनं कळण्यापरास बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादांच्या घरी गेली नाही. त्यांनाच स्टुडिओत बोलावून घेतलं. दादांच्या पत्नी सुलभावहिनी बरोबर आल्या आणि ऑफिसात पेपर वाचत बसल्या. हॉलमध्ये दादा आपल्या पियानोच्या स्टुलावर बसले. हर्षदा उभीच होती. आधी सांगावं की आधी ऐकवावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी तिने सांगितलं, न थांबता, पहिल्या सिनेमातल्या त्या जेवणाच्या सुट्टीपासून. माफी मागायची तिने ठरवली होती, पण ती मागायची जागाच सापडली नाही.

दादांना प्रथम ती थट्टा वाटली. मग ते म्हणाले, ऐकव.

तिने 'चौथा बंधारा'तला शेवटचा प्रसंग लावला, हात न लावलेला. म्हातारा राखणदार दरवाजे उघडतो आणि पाणी सुटतं, तो. पियानो सुरू झाला. दादा डोळे मिटून ऐकत होते. चौथ्या आवर्तनाला पियानोचा हात मागे राहिला, आणि हॉलमधली त्रेचाळीस माणसं त्याच्यासाठी थांबली. व्हायोलिनं गज उचलून थांबली, बशीरभाईंचा क्लॅरिनेट श्वास घेऊन थांबला, आणि मग सगळी मिळून ठोक्यावर पडली. हर्षदाने हे रेकॉर्डिंग याआधी पन्नासदा ऐकलं असेल, पण दर वेळी कुठे कापायचं ते शोधत. नुसतं ऐकलं ते आजच. एवढी सुंदर गोष्ट तिने सव्वीस वर्षांच्या सगळ्या सिनेमांमधून साफ करून टाकली होती.

संपल्यावर दादांनी सिनेमातलंही ऐकायला मागितलं. तेही तिने लावलं. तेच सूर, तीच वाद्यं, सगळं जागच्या जागी. दादांनी अर्ध्यातच हात वर करून थांबवलं.

"कधीपासून म्हणालीस?"

"पहिल्या सिनेमापासून, दादा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मग त्यांनी विचारलं, वादकांना ठाऊक होतं का. तिने हो म्हटलं. दिग्दर्शकांना? नसावं. सुलभाला? नाही. म्हणजे एवढ्या लोकांत मी एकटाच, ते म्हणाले. आवाज खाली होता आणि त्यात कडवटपणा होता, आणि तो तिला मिळायलाच हवा होता.

"तू मला वाईट वाजवू दिलं असतंस तर मी रियाज केला असता," ते म्हणाले. "नाहीतर भांडलो असतो, की उशीर हाच माझा आहे, तसाच ठेवा. दोन्हीतलं एक काहीतरी माझं झालं असतं. तू मला दोन्ही करू दिलं नाहीस."



मग त्यांनी निवेदनाचा फॉर्म मागितला. चष्मा लावून सगळा वाचला. नियम त्यांना एका वाचनात कळला. ते म्हणाले, स्पर्धेत जे उतरलंय ते सिनेमातलं आहे, आणि ते तुझं आहे. माझं जे आहे ते सिनेमात नाही. मग बक्षीस कशाला द्यायचं आणि कुणाला? तुझं नाव बरोबरीने लावायला माझी ना नाही, लाव हवं तर. हर्षदा नको म्हणाली. मग नामांकन मागे घेतो असं लिही, ते म्हणाले. पण मूळ रेकॉर्डिंग आणि नाड्यांचा दाखला जाहीर होऊ दे, म्हणजे बशीरला आणि पोरांना कुणी बिननाडीचं म्हणणार नाही. कुणी हलवले या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलं. किती या रकान्यात 'सर्व' असं लिहिलं. सही केली. पंधरा वर्षांपूर्वी ज्या बक्षिसाची त्यांनी आशा सोडली होती आणि दोन महिन्यांपूर्वी परत धरली होती, ते असं गेलं. लिहिताना अक्षर बारीक होत गेलेलं हर्षदाला दिसलं.

ती फॉर्म उचलून निघणार, तेवढ्यात दादा हसले. कडवट नव्हे, साधं हसू. त्यांनी तिला बस म्हणून खूण केली.

"एक सांगू? सुलभालापण सांगितलेलं नाही." त्यांनी दाराकडे बघितलं. "दोन वर्षं झाली, वाजवताना मला कळायलाय की बोटं मागनं येतात. माझे वडील कंपवातानं गेले. शेवटी घास भरवावा लागायचा. मला वाटलं, आलं आपल्यापण दाराशी. म्हणून या सिनेमाला एवढा जीव लावला, म्हटलं शेवटचाच असंल. डॉक्टरकडे काही गेलो नाही. थेटरात ऐकायचो तेव्हा सगळं नीट असायचं, तेवढ्यावर दिवस काढले." ते पुन्हा हसले. "आणि तू सांगतीस, मी पहिल्यापासनंच असा. सव्वीस वर्षं उशिराच पडतोय हात. म्हणजे आजार न्हवं गं, खोड हाय. राग तुझा जन्मभर जायचा नाही, पण आज रात्री झोप लागंल मला."

त्यांनी वहिनींना हाक मारून चहा सांगितला. वहिनी थर्मास घेऊन आल्या, नवऱ्याचा चेहरा बघून त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. तिघांचे कप भरून त्या परत पेपराकडे गेल्या.

हर्षदाच्या पर्समध्ये दुसरं पान घडी करून ठेवलेलं होतं. ते कुणी मागितलं नव्हतं. मंडळाच्या नोंदीत ते जाणार नव्हतं. सोमणबाई पुण्यात होत्या. तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तिच्याइतका हात कुणाचा बसलेला नव्हता. बक्षीस गेलं होतं. सव्वीस वर्षांची कात्रणं खोटी ठरली होती. या माणसाकडे आता आजार नसल्याचा एवढा एकच दिलासा उरला होता, आणि तोही तिनेच दिलेला. काढून घ्यायला तिचा जीव होईना. चार दिवस थांबू, असंही तिच्या मनात आलं. मग तिला आठवलं की पहिल्या सिनेमाच्या वेळीही तिने हेच ठरवलं होतं.

दादा बशीतून चहा पीत होते. उजव्या हाताने बशी धरली होती आणि चहाला बारीक लाटा येत होत्या. ते त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे.

"दादा," ती म्हणाली, "तेव्हा एकतीस होतं. आता अठ्ठावन्न आहे."

त्यांना कळलं नाही. कशाचं, असं त्यांनी विचारलं.

"उशीर. डावा हात आहे तसाच आहे. उजव्यात वाढलंय. करंगळीत आणि शेजारच्या बोटात जास्त. पुण्याच्या बाई म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा."

दादांनी बशी खाली ठेवली. त्यांनी उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि डाव्याने झाकला.

हर्षदाला वाटलं, आता काहीतरी बोलावं. आता औषधं चांगली निघालीत, वेळेवर कळलं ते बरंच झालं, मी येते बरोबर. सगळी वाक्यं तयार होती. त्यातलं एकही ती बोलली नाही. शांतता तिथे जेवढी होती तेवढी तिने राहू दिली.

"मीच सांगतो सुलभाला," दादा शेवटी म्हणाले. "तू सांगू नकोस."

"नाही सांगत," हर्षदा म्हणाली.

ते उठले. स्टुलाला धरून एकदा नीट उभे राहिले आणि ऑफिसच्या दाराकडे चालू लागले, हळू, त्यांना लागेल तेवढा वेळ घेत. हर्षदा जागेवरून हलली नाही. धरायला पुढे झाली नाही.